हवाई अंतर: अक्षांश-रेखांशांवरून कसे काढाल?

ऊसपट्ट्यात राहणाऱ्या माणसाला ‘हवाई अंतर’ हा शब्द नवा नाही. नवीन साखर कारखान्याची चर्चा निघाली, की पारावर पहिला प्रश्न येतो तो हाच, की जुन्या कारखान्यापासून त्याचे हवाई अंतर किती? कोणी म्हणतो पुरे भरते, कोणी म्हणतो अर्धा किलोमीटर कमी पडते. दोघांच्याही हातात मोबाइल असतो आणि दोघेही आपापला आकडा दाखवतात. हा आकडा येतो कोठून, तो किती खरा मानावा आणि कागद-पेन्सिल घेऊन आपल्याला तो स्वतः काढता येईल का, याची माहिती या लेखात घेऊ. गणित सातवी-आठवीच्या पुढचे नाही.

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. त्यात नोव्हेंबर २००६ मध्ये दुरुस्ती होऊन दोन साखर कारखान्यांत किमान १५ किलोमीटर त्रिज्येचे अंतर असावे, अशी अट आली. राज्याला गरज वाटल्यास केंद्राच्या संमतीने ते वाढवण्याची मुभाही ठेवली गेली. महाराष्ट्राने २०११ मध्ये ते २५ किलोमीटर केले. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, रंगराजन समितीने ही अंतराची अटच काढून टाकावी, अशी शिफारस केली. अट ठेवावी असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा, की प्रत्येक कारखान्याला पुरेसा ऊस मिळाला नाही तर गाळप हंगाम तोट्यात जातो आणि तो तोटा शेवटी सभासदाच्याच अंगावर येतो. अट नको म्हणणाऱ्यांचे उत्तर असे, की शेजारी दुसरा गिऱ्हाईक उभा राहिल्याशिवाय उसाला चढा दर मिळत नाही. या वादात माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे, पण या लेखाचा तो विषय नव्हे. आपल्यापुरती महत्त्वाची गोष्ट अशी, की आदेशातच हे अंतर भारतीय सर्वेक्षण विभागाने मोजलेले असावे असे म्हटले आहे. मोबाइलवरचा आकडा चर्चेला चालतो, परवान्याला चालत नाही. का चालत नाही, ते पुढे कळेल.

अंश म्हणजे किती किलोमीटर?

पृथ्वीवरील कोणत्याही ठिकाणाचा पत्ता दोन आकड्यांत सांगता येतो. विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश, ते अक्षांश. इंग्लंडमधील ग्रीनिच येथून जाणाऱ्या रेषेपासून पूर्वेला किंवा पश्चिमेला किती अंश, ते रेखांश. आपल्या जुन्या ज्योतिषगणितात शून्य रेखा उज्जैनवरून जात असे. पंचांग पाहणाऱ्या घरांत हे शब्द पूर्वीपासून माहीत आहेत, कारण सूर्योदयाची वेळ गावाच्या अक्षांश-रेखांशांप्रमाणे बदलते. आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेले आहे आणि कोल्हापूर आहे सव्वाचौऱ्याहत्तरच्या जवळ. म्हणून आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नव्हे, तर सरासरीने साडेबारा वाजून गेल्यावर.

कसबा बावड्याचा पत्ता ढोबळमानाने उत्तर अक्षांश १६.७३ आणि पूर्व रेखांश ७४.२४ असा आहे. आता अंशाचे किलोमीटर करायचे. उत्तर-दक्षिण दिशेने एक अंश म्हणजे आपल्या भागात ११०.६७ किलोमीटर. हा आकडा देशात कोठेही गेलात तरी थोडाच बदलतो. पूर्व-पश्चिम दिशेचे मात्र तसे नाही. रेखांशाच्या रेषा संत्र्याच्या फोडींसारख्या असतात. मध्यावर रुंद, दोन्ही टोकांना मिटत गेलेल्या. विषुववृत्तावर एक अंश रेखांश १११.३ किलोमीटरचा भरतो, आपल्याकडे तोच १०६.६ होतो, श्रीनगरला ९२ च्या आसपास येतो आणि ध्रुवावर शून्य. किती कमी होतो हे काढण्यासाठी अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचे. १६.८ अंशाचा कोसाइन ०.९५७ आहे. कोल्हापूर-सांगली परिसरासाठी ११०.६७ आणि १०६.६ हे दोनच आकडे लिहून ठेवा, कोसाइनच्या वाटेला जाण्याची गरज नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. शाळेत ज्याला आपण ‘साइन’ म्हणून घाबरतो तो मूळचा आपलाच शब्द. आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस ‘ज्या’चे कोष्टक दिले. धनुष्याच्या दोरीला ज्या म्हणतात. हा शब्द अरबीत गेला, तेथे त्याचे वाचन बदलले, त्याचे लॅटिन भाषांतर ‘सायनस’ झाले आणि शेवटी साइन होऊन तो आपल्याच पाठ्यपुस्तकात परत आला.

प्रत्यक्ष उदाहरण

कसबा बावडा ते सांगली हे हवाई अंतर काढू. सांगलीचे अक्षांश १६.८५ आणि रेखांश ७४.५७ धरू. अक्षांशांतील फरक ०.१२ अंश. त्याला ११०.६७ ने गुणले, की १३.२८ किलोमीटर. म्हणजे सांगली आपल्यापेक्षा सव्वातेरा किलोमीटर उत्तरेला आहे. रेखांशांतील फरक ०.३३ अंश. त्याला १०६.६ ने गुणले, की ३५.१८ किलोमीटर पूर्वेला. आता शेताच्या कोपऱ्यात काटकोन साधताना गवंडी जे तीन-चार-पाचचे माप धरतो, तेच येथे वापरायचे. दोन्ही बाजूंचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ काढा. १३.२८ चा वर्ग १७६, ३५.१८ चा वर्ग १२३८, बेरीज १४१४ आणि तिचे वर्गमूळ ३७.६. झाले. बावडा ते सांगली हवाई अंतर साडेसदतीस किलोमीटरच्या जवळपास. रस्त्याने जाल तर हेच पन्नासच्या घरात जाते.

हा फरक नीट लक्षात घ्या, कारण आपल्या खिशाशी संबंध आहे तो रस्त्याच्या अंतराचा. तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या बिलातून वजा होतो आणि ट्रॅक्टर-ट्रॉली काही हवेतून जात नाही. तुटलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा, असे आपण नेहमी सांगतो, कारण नंतर वजन आणि उतारा दोन्ही घटतात. तेथेही प्रश्न रस्त्याचाच. बावड्याच्या राजाराम बंधाऱ्याचे उदाहरण घ्या. पंचगंगेच्या पलीकडचे शिवार येथून नुसत्या डोळ्यांनी दिसते. पण पावसाळ्यात बंधारा पाण्याखाली गेला, की तेवढ्याच अंतरासाठी दुसऱ्या पुलावरून मोठा वळसा पडतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर पुलाकडे जाणारे रस्तेही बंद होते. हवाई अंतर त्या दिवसांतही इंचभर बदलले नव्हते. म्हणून कारखाना जवळ की लांब हे ठरवताना हवाई अंतराचा आकडा कायद्यापुरता ठेवा आणि वाहतुकीचा हिशोब ट्रॉलीच्या वाटेने करा.

पंचवीसच्या रेषेवर काय घडते?

आता मूळ वादाकडे येऊ. समजा, एक कारखाना १६.७३५० अक्षांश आणि ७४.२४०० रेखांश येथे आहे आणि दुसरा १६.९४७० अक्षांश आणि ७४.३२०० रेखांश येथे व्हायचा आहे. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत, त्यांत कोणताही खरा कारखाना शोधू नये. अक्षांशांतील फरक ०.२१२० अंश, म्हणजे २३.४६ किलोमीटर. रेखांशांतील फरक ०.०८०० अंश, म्हणजे ८.५३ किलोमीटर. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले, की २४.९६ किलोमीटर येतात. अट २५ ची असेल तर ४० मीटर कमी.

हेच दोन बिंदू मोबाइलवरील एखाद्या साध्या अंतरमापक ॲपमध्ये घातले, तर २५.०६ असे उत्तर येऊ शकते. म्हणजे अट पूर्ण होऊन ६० मीटर शिल्लक! आकडे तेच, बिंदू तेच आणि निकाल उलटा. ॲपमध्ये बिघाड नाही. त्याने पृथ्वी गुळगुळीत गोल चेंडूसारखी धरली, त्रिज्या सगळीकडे सारखी ६३७१ किलोमीटर मानली. त्यामुळे त्याचा एक अंश १११.१९ किलोमीटरचा झाला. प्रत्यक्षात पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चेपलेली आहे. केंद्रापासून विषुववृत्त ६३७८ किलोमीटरवर, तर ध्रुव ६३५७ वर. एवढ्या प्रचंड गोळ्यात २१ किलोमीटरचा फरक म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण त्यामुळेच आपल्या भागात अक्षांशाचा अंश १११.१९ ऐवजी ११०.६७ भरतो आणि २५ किलोमीटरला शंभर-सव्वाशे मीटरची तफावत पडते. उत्तर-दक्षिण दिशेने चेंडूचे गणित अंतर जास्त दाखवते, तर पूर्व-पश्चिम दिशेने किंचित कमी दाखवते. दोन गट आपापले मोबाइल दाखवून भांडत असतील, तर दोघेही प्रामाणिक असण्याची शक्यता आहे.

दुसरी भानगड जुन्या नकाशांची. भारताची शास्त्रशुद्ध मोजणी विल्यम लॅम्टन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केली आणि जॉर्ज एव्हरेस्ट याने ती उत्तरेला हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. त्या काळात पृथ्वीच्या आकाराचे जे माप ठरले ते ‘एव्हरेस्ट १८३०’ या नावाने ओळखले जाते. सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे याच मापावर बेतलेले आहेत. कोल्हापूरचा भाग त्यांतील ‘४७ एल’ या मालिकेत येतो. उपग्रहावर चालणारे जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस-८४ हे नवे माप वापरते आणि २००५ च्या नकाशा धोरणानंतर सर्वांसाठी खुले झालेले नकाशेही त्याच मापावर आहेत. एकाच विहिरीचे अक्षांश-रेखांश जुन्या नकाशावरून काढले आणि जीपीएसने काढले, तर आपल्या भागात दोघांत शे-दीडशे मीटरचे अंतर पडते. दोन्ही बिंदू एकाच मापावर असतील तर काही बिघडत नाही, कारण दोन्ही सारखेच सरकलेले असतात. एक जुन्या नकाशावरून आणि दुसरा जीपीएसवरून घेतला, की घोटाळा झालाच. असा कागद समोर आला तर बिंदू कोणत्या मापावर घेतले आहेत, हा पहिला प्रश्न विचारा.

दुसरा प्रश्न, बिंदू कोठला? कारखान्याचे आवार लहान नसते. ऊस वजनकाटा, गव्हाण, चिमणी, डिस्टिलरी आणि मुख्य फाटक यांत काहीशे मीटरचे अंतर सहज असते. वाद ४०-५० मीटरांचा असेल तर कोणत्या ठिकाणापासून कोणत्या ठिकाणापर्यंत मोजले, हे लिहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. नियमांत वेळोवेळी बदल होतात. म्हणून प्रत्यक्ष प्रकरण असेल तर आदेशाचा चालू मजकूर आणि मोजणीचा दाखला साखर आयुक्तालयाकडे पाहण्यास मागावा.

नेहमी होणारी गफलत

शिवारफेरीत सर्वांत जास्त आढळणारी चूक पृथ्वीच्या आकाराची नाही, दशांश चिन्हाची आहे. काही ठिकाणी अक्षांश १६ अंश ४२ मिनिटे असा लिहिलेला असतो. तो कोणी १६.४२ असा घेतो. एका अंशात साठ मिनिटे असतात, त्यामुळे ४२ मिनिटे म्हणजे ०.७० अंश आणि खरा आकडा १६.७०. ही एक चूक बिंदूला ३१ किलोमीटर दक्षिणेला ढकलते. कोल्हापूरचा माणूस कागदावर निपाणीच्या आसपास जाऊन पोहोचतो. एक मिनिट अक्षांश म्हणजे १.८४ किलोमीटर, एक सेकंद म्हणजे ३१ मीटरांच्या जवळपास, हे ध्यानात ठेवले तर आकडा पाहताच चूक कळते. आधी अक्षांश व मग रेखांश हा क्रमही पाळा. तो उलटा झाला तर आपले बावडे नॉर्वेच्याही उत्तरेला समुद्रात जाऊन पडेल.

दशांशानंतर किती आकडे लिहावेत, हेही लोक विचारतात. दोन आकडे लिहिले तर बिंदू किलोमीटरभर इकडे-तिकडे असू शकतो, तीन लिहिले तर शंभर मीटर, चार लिहिले तर दहा-अकरा मीटर आणि पाच लिहिले तर सुमारे मीटरभर. मोबाइल सहा-सात आकडे दाखवतो. त्यांतले शेवटचे दोन शोभेचे समजावेत, कारण मोकळ्या शिवारातही साध्या मोबाइलच्या जीपीएसची चूक तीन ते पाच मीटर असते. आंब्याच्या दाट सावलीत किंवा इमारतीला खेटून उभे राहिलात तर आणखी जास्त. बिंदू घेताना उघड्यावर मिनिटभर स्थिर उभे राहा आणि मग आकडा टिपा.

शेतात उपयोग कोठे?

कारखान्याचे राहू द्या, आपल्या रोजच्या कामात हे गणित सर्वांत जास्त उपयोगी पडते ते पाइपलाइनच्या अंदाजाला. समजा, नदीकाठच्या जॅकवेलपासून शेतातील चेंबरपर्यंत अक्षांशांतील फरक ०.००६२ आणि रेखांशांतील फरक ०.००४७ आहे. पहिल्याचे ६८६ मीटर, दुसऱ्याचे ५०१ मीटर. वर्ग, बेरीज, वर्गमूळ केले, की ८५० मीटर. सहा मीटरच्या पाइपने भागले तर १४२ पाइप. अर्थात हे अंतर सरळ रेषेचे आहे. दुसऱ्याच्या रानातून आडवे जाता येत नसेल आणि बांधाबांधाने वळणे घ्यावी लागत असतील, तर प्रत्येक वळणावर बिंदू घेऊन तुकड्यांची बेरीज करा. चढाचे काय, असे विचाराल. शेत नदीपेक्षा ३० मीटर उंच असले तरी ८५० मीटरच्या लांबीत केवळ अर्ध्या मीटरची भर पडते. ती सोडून द्या. मोटारीचा हॉर्सपॉवर ठरवताना मात्र हे ३० मीटर सोडून चालणार नाहीत. तेथे उंची आणि पाइपातील घर्षण दोन्ही धरावे लागते.

क्षेत्रफळाच्या बाबतीत मी सावध राहण्यास सांगेन. बांधावरून चालत गेले, की एकर-गुंठे सांगणारी ॲप आता सर्रास वापरली जातात. ठिबकाच्या नळ्या, बेणे, खते यांचा अंदाज घेण्यास ती ठीक आहेत. पण आपल्या जिल्ह्यात तुकडे लहान. वीस गुंठ्यांचा चौकोनी तुकडा घेतला तर त्याची बाजू ४५ मीटरची. एका बाजूची रेषा तीन मीटर सरकली, तर १३५ चौरस मीटर म्हणजे सव्वा गुंठ्याहून जास्त फरक पडतो. दहा एकराच्या सलग रानात हीच चूक जाणवणारही नाही. बांधाचा वाद मोबाइलवर सोडवू नये, असे मी म्हणतो ते यामुळेच. भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्यावी. त्यांचे रोव्हर यंत्रही उपग्रहावरच चालते, पण कायमस्वरूपी उभारलेल्या संदर्भ केंद्राकडून त्याला सतत दुरुस्ती मिळत असते. त्यामुळे त्याची चूक सेंटिमीटरांत राहते.

ई-पीक पाहणी २०२१ मध्ये राज्यभर सुरू झाली तेव्हापासून पिकाच्या फोटोबरोबर अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. घरी बसून किंवा रस्त्यावरून फोटो काढला तर ते ठिकाण गटापासून दूर पडते आणि पुढे नुकसानीच्या वेळी हीच नोंद आडवी येऊ शकते. शेताच्या मध्यावर जाऊन फोटो घ्यावा. बांधावर उभे राहिलात आणि चार मीटरची चूक नेमकी शेजाऱ्याच्या बाजूला गेली, तर तुमचा ऊस त्याच्या गटात उगवलेला दिसेल.

लांबच्या अंतरांना मात्र वर्ग-वर्गमूळाची ही रीत लावू नका. दोन-अडीचशे किलोमीटरपर्यंत ती बिनधास्त वापरावी. फक्त कोसाइन दोन्ही गावांच्या मधल्या अक्षांशाचा घ्यावा. कोल्हापूर ते पुणे या रीतीने २०५ किलोमीटरच्या जवळपास येते आणि ते बरोबर आहे. पण द्राक्षाची पेटी मुंबईहून विमानाने लंडनला किती किलोमीटर गेली, हे याच रीतीने काढाल तर साडेसात हजारांच्या वर उत्तर येईल. खरे अंतर ७२०० च्या आसपास आहे. इतक्या लांब पृथ्वी सपाट धरून चालत नाही. दोरा ताणून गोलावर ठेवला तर तो ज्या वाटेने बसेल, तीच सर्वांत जवळची वाट. नकाशावर ती उत्तरेकडे फुगलेली, वाकडी दिसते. शास्त्रीय गणकयंत्र असेल तर दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतील फरकाच्या कोसाइनने गुणा. दोन्ही उत्तरांची बेरीज करून तिचा उलटा कोसाइन काढा. जो कोन अंशात येईल त्याला १११.१९ ने गुणले, की किलोमीटर मिळतात. येथे पृथ्वी चेंडूसारखी धरलेली आहे हे खरे, पण सात हजार किलोमीटरच्या प्रवासात पाच-दहा किलोमीटर इकडे-तिकडे झाले म्हणून कोणाचा परवाना अडत नाही.

गणकयंत्र अंशाऐवजी रेडियनवर लावलेले असेल तर उत्तर भलतेच येते. आधी ३० अंशाचा साइन काढून पाहा. ०.५ आला तरच पुढे जा.